परळचे हृदय, जालन्याचा प्रश्न

डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे नाव आज कुठे निघालेच, तर एका वाक्यात आटोपते. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातले, किंबहुना आशियातले पहिले मानवी हृदयारोपण केले आणि जगातले ते सहावे ठरले. हृदय घेणारा एक तरुण शेतकरी होता. देणारी, रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झालेली एक तरुणी. नवे हृदय सुमारे तीन तास चालले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला, तो रुग्ण चौदा तास जगला. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे दोन निकाल कायमचे लागून गेले आहेत. एक अभिमानाचा : ‘आपणही मागे नव्हतो.’ दुसरा कुत्सित, जगातले पहिले हृदयारोपण करणाऱ्या बर्नार्ड यांच्याकडे बोट दाखवणारा : ‘बर्नार्डची नक्कल करायला गेले आणि फसले.’ हे दोन्ही निकाल एकाच घड्याळाकडे बघून दिलेले आहेत, आणि ते घड्याळ चुकीचे आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदाचे संशोधन त्याच्या पहिल्या रुग्णाच्या आयुष्याच्या तासांत मोजायचे नसते. त्याने कोणते प्रश्न हाती घेतले, कोणते सोडवले आणि कोणते त्याच्या हाताबाहेर राहिले, यावर ते जोखावे लागते. तसे जोखले, तर सेन यांच्या कामाचा अपुरा राहिलेला भाग परळमध्ये सापडत नाही. तो जालन्यासारख्या जिल्ह्यांत सापडतो. या विषयात शिरण्यापूर्वी वाचकाने हा मुद्दा मनाशी धरावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

सेन 1915 साली कलकत्त्यात जन्मले, पण वाढले नागपुरात. तिथून ते मुंबईला शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले केईएम 1926 मध्ये सुरू झाले, तेच मुळी भारतीय डॉक्टरांना वरच्या जागा मिळाव्यात या जिद्दीतून, आणि महापालिकेच्या पैशावर. म्हणजे सेन यांची प्रयोगशाळा मुंबईकरांच्या करातून चाललेल्या इस्पितळात होती, कुठल्या संस्थानिकाच्या देणगीवर किंवा परदेशी विद्यापीठाच्या आवारात नव्हती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून ते परतले आणि महारोहिणीच्या शस्त्रक्रियांमागे लागले. छातीतल्या या मोठ्या रक्तवाहिनीचा फुगा कापून तिथे मृत माणसाची जपून ठेवलेली रोहिणी शिवायची, हे त्यांच्या कामाचे एक सुरुवातीचे क्षेत्र. एका माणसाचा अवयव दुसऱ्याच्या अंगात शिवण्याची सवय त्यांच्या हाताला इथे लागली. डॉ. किनरे यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी महारोहिणीच्या एका दाहक रोगाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हा रोग आपल्याकडच्या तरुण बायकांत बराच आढळतो, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत तेव्हा त्याला फार जागा नव्हती. या अभ्यासाबद्दल वर्तमानपत्रांत काही छापून आले नसणार. पण एखाद्या संशोधकाची पारख करायची असेल तर मी हृदयारोपणाच्या आधी याच कामाकडे बोट दाखवीन.

1965 हे त्यांच्या कारकिर्दीतले सगळ्यांत भरगच्च वर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी पारुळकर, पांडे या सहकाऱ्यांसह त्यांनी कुत्र्यांमधल्या हृदयारोपणाचा अहवाल इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगांची संख्या होती शंभर, आणि तरी शीर्षकात शब्द होता ‘प्राथमिक’. त्याच वर्षी मे महिन्यात केईएममध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड माणसात बसवण्याचा देशातला पहिला प्रयत्न झाला. आणि त्याच वर्षी त्यांचा आणखी एक निबंध अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात आला, त्याची कल्पना आजही चकित करते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे स्नायू आपले बरेचसे रक्त थेट हृदयाच्या पोकळीतून शोषून घेतात. मग माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या तुंबल्या असतील तर सुईने भोसकून पोकळीपासून स्नायूपर्यंत बारीक वाटा पाडल्या तर? सेन, उडवाडिया, किनरे आणि पारुळकर यांनी ते करून पाहिले. पुढे काही दशकांनी पाश्चात्त्य देशांत लेसरने अशीच छिद्रे पाडायची पद्धत आली, तेव्हा तिच्या पूर्वसूरींमध्ये या निबंधाची नोंद झाली. लेसरची ती पद्धतही फार टिकली नाही, हा भाग वेगळा. मुद्दा असा की 1968 मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा राहिलेला माणूस तिथे अचानक उगवलेला नव्हता.

तरीही घाईचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये 3 डिसेंबर 1967 ला पहिले हृदयारोपण केले आणि त्यानंतर अकरा आठवड्यांच्या आत सेन यांनी ते केले. तो काळ शर्यतीचा होता. 1968 या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. खुद्द बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठरा दिवस जगला. सेन यांच्या बाबतीत टाके बरोबर बसले होते, हृदय सुरू झाले होते; फसले ते दुसरीकडेच. वर्षानुवर्षे दुबळ्या हृदयाने जगलेल्या माणसाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळून घट्ट होतात. त्यांच्यातून रक्त ढकलायचे तर उजव्या कप्प्याला मोठा जोर लावावा लागतो. आजाऱ्याच्या स्वतःच्या हृदयाला त्या जोराची हळूहळू सवय झालेली असते. दात्याच्या निरोगी हृदयाला ती नसते. ते एकदम त्या दाबासमोर उभे केले की फुगते, थकते आणि बंद पडते. हृदय देण्यापूर्वी फुप्फुसांतला रक्तदाब मोजायचा आणि तो फार असेल तर रुग्णाला नाकारायचे, हा आज प्रत्येक केंद्राचा पहिला नियम आहे. हा नियम अशा मृत्यूंमधूनच आला. निरोगी कुत्र्याच्या छातीत निरोगी कुत्र्याचे हृदय घालताना हा प्रश्न उभाच राहत नाही, म्हणून शंभर प्रयोग करूनही तो दिसला नसावा. रुग्णाची निवड चुकली असे आज म्हणता येते, आणि म्हणावेही. पण ‘तयारी नव्हती’ असे म्हणणाऱ्याने ते शंभर प्रयोग आधी वाचलेले असावेत.

त्या वर्षाच्या धुमाळीनंतर जगभर सन्नाटा पसरला. रुग्ण टिकत नाहीत असे दिसल्यावर एकामागून एक केंद्रांनी हृदयारोपण बंद केले. चिवटपणे मागे लागून राहिले ते मोजके, त्यांत अग्रभागी स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे. बर्नार्ड यांनी वापरलेली पद्धत मुळात त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेली, आणि पहिलेपणाचा मान हुकल्यावरही ते प्रयोगशाळेतून उठले नाहीत. शरीर नवे हृदय नाकारू लागले आहे हे वेळेत कसे ओळखायचे, याचे उत्तर तिथे 1973 च्या सुमारास मिळाले : मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात घालून स्नायूचा कण काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. नाकारू नये म्हणून काय करायचे, याचे उत्तर मातीतून आले. नॉर्वेच्या एका पठारावरून उचललेल्या मातीच्या नमुन्यातल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन सापडले. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत जाँ बोरेल यांनी त्याचा गुण ओळखला, केंब्रिजचे रॉय काल्न यांनी ते प्रत्यारोपणात उतरवले, आणि 1983 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याआधीचा पाया पीटर मेडावर यांचा. परक्या त्वचेचा तुकडा शरीर का झिडकारते, हे युद्धात भाजलेल्या माणसांच्या निमित्ताने त्यांनी शोधले आणि 1960 चे नोबेल मिळवले. या सगळ्या नावांत शल्यविशारद अर्धेच आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रत्यारोपणातले कापणे-शिवणे हा तुलनेने आधी सुटलेला भाग होता. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायची युक्ती अलेक्सिस कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात दाखवली होती आणि 1912 मध्ये नोबेलही घेतले होते. पुढची साठ-सत्तर वर्षे गेली ती शरीराला आणि समाजाला राजी करण्यात.

समाजाला राजी करणे हा शब्दप्रयोग मी जाणून केला आहे. 1968 मध्ये भारतात मेंदूचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू असे सांगणारा कायदा नव्हता. अमेरिकेतसुद्धा हार्वर्डच्या समितीचे मेंदूमृत्यूचे निकष त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर, प्रसिद्ध झाले. हृदय थांबण्याची वाट पाहिली तर ते हृदय दुसऱ्याच्या कामाचे राहत नाही. वाट पाहिली नाही तर दाता मेला होता का, असा प्रश्न कुणीही विचारू शकतो. जपानमध्ये तो विचारला गेला. साप्पोरोत जुरो वाडा यांनी ऑगस्ट 1968 मध्ये हृदयारोपण केले, रुग्ण काही आठवड्यांनी गेला, आणि वाडांवर खुनाच्या आरोपाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण समाजाचा विश्वास असा तडकला की जपानला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करायला 1997 उजाडले. आपल्याकडे इतका गाजावाजा झाला नाही. काम नुसतेच थांबले. संसदेने केलेल्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याला जुलै 1994 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 3 ऑगस्ट 1994 ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. सप्टेंबर 1968 पासून तिथवर जवळपास सव्वीस वर्षे गेली. मुंबईला तर यशस्वी हृदयारोपण पाहायला 2015 चा ऑगस्ट लागला, डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंडच्या रुग्णालयात ते केले, आणि हृदय पुण्याहून आले होते. सेन हे पाहायला नव्हते. ते 1982 मध्येच गेले.

इथे एक रोकडा आक्षेप येतो, आणि तो मराठवाड्यातला माणूस जास्त पोटतिडकीने घेईल. जिथे बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचत नाही, तिथे हृदय बदलण्याची चैन कशाला? 1968 मध्येही हाच प्रश्न होता आणि तेव्हाही तो अडाणी नव्हता. एका आरोपणाच्या खर्चात किती लसी बसतात, हे गणित खोटे नाही. पण संशोधनाचा हिशेब एका शस्त्रक्रियेच्या बिलावर मांडता येत नाही. उघड्या छातीच्या शस्त्रक्रियेसाठी जे उभारावे लागते, म्हणजे रक्तपेढी, कृत्रिम श्वसन, क्षणाक्षणाला रक्तदाब मोजणारी परिचारिका, रात्री तीनला चालू असलेली प्रयोगशाळा, ते सगळे झडप आवळलेल्या गरीब मुलीच्याही कामी येते, अपघातात चेपलेल्या हमालाच्याही. केईएममधल्या सेन यांच्या विभागातून शिकून गेलेले लोक पुढे कुठे कुठे काम करत राहिले, ते पाहिले तर पैसा वाया गेला असे म्हणवत नाही. सुईच्या प्रयोगातले उडवाडिया तर पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे या देशातले जनक ठरले. शिवाय मूत्रपिंडाच्या बाबतीत चैनीचा प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या मशीनला लागणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही बुडते, आणि हे आयुष्यभर. बसवलेले मूत्रपिंड काही वर्षांतच त्याहून स्वस्त पडते. गोळ्यांचा खर्च धरूनसुद्धा.

आता जालना. या जिल्ह्यात हृदय बदलणारे केंद्र नाही आणि नजीकच्या काळात ते व्हावे असा हट्टही कुणी धरू नये. पण प्रत्यारोपणाच्या साखळीची पहिली कडी जिथे तयार होते, त्या जागा अशाच जिल्ह्यांत आहेत. सळईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांचे रस्ते, मोसंबीचे टेम्पो, अंबड-घनसावंगीकडून उसाच्या ट्रॉल्या, आणि आता समृद्धी महामार्ग. हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वार डोक्यावर पडतो. नातेवाईक त्याला जालन्यात आणतात, तिथून ‘संभाजीनगरला हलवा’ असे सांगितले जाते. साठेक किलोमीटरचा तो प्रवास. काही जण वाचतात. काहींचे हृदय व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू राहते, पण मेंदूचा देठ मेलेला असतो. घरचे म्हणतात, ‘मशीनवर ठेवलंय.’ इथून पुढे दोनच वाटा असतात. एक, दोन-चार दिवस बिल चढत राहते आणि शेवटी हृदयही थांबते. दुसरी, कुणीतरी ठरवून मेंदूमृत्यूची तपासणी करते.

ती तपासणी कशी असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्या शंका तिथेच उगवतात. डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारतात. त्या आकसत नाहीत. बुबुळाला कापसाने स्पर्श करतात. पापणी हलत नाही. कानात थंड पाणी सोडतात. डोळे त्या बाजूला वळत नाहीत. मग शेवटची आणि निर्णायक परीक्षा. व्हेंटिलेटर बाजूला काढून नळीतून नुसता प्राणवायू सोडतात आणि छाती उघडी टाकून बघत बसतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. जिवंत मेंदूच्या देठाला तो सहन होत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच. काही मिनिटे सगळे जण त्या छातीकडे टक लावून असतात. ती जराही उचलली नाही तर रक्ताचा नमुना घेऊन आकडा लिहितात आणि मशीन पुन्हा जोडतात. सहा तासांनी हे सगळे पुन्हा करायचे. सह्या चार डॉक्टरांच्या, आणि त्यांच्यातला एकही प्रत्यारोपणाच्या पथकातला नको. इथे मेंदूचा तज्ज्ञ कुठून आणायचा, ही छोट्या शहरांची जुनी अडचण. प्रत्यारोपण कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीने ती ओळखली : असा तज्ज्ञ मिळत नसेल तर ठरलेल्या अटींवर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचा डॉक्टर चालतो. याच दुरुस्तीने असेही केले की स्वतः प्रत्यारोपण न करणारे, पण अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय अवयव काढून देण्यापुरती नोंदणी करू शकते. हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत जायला हवे. यकृताला त्याहून जास्त अवकाश असतो, मूत्रपिंड दिवसभर तग धरते. जालन्यातून संभाजीनगर तास-दीड तासावर आहे. अंतर हा अडसर नाही.

मग अडसर काय? विश्वास. आणि त्याला सबळ कारणे आहेत, हे अवयवदानाच्या प्रचारकांनी कबूल करायला हवे. मूत्रपिंडांच्या बाजाराच्या बातम्या या देशाने अनेकदा वाचल्या आहेत, मुंबईतल्याही. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र आजही बदललेले नाही. घरातली बाई ‘तयार झाली’ म्हणजे नेमके काय झाले, हे कोणती समिती विचारते? मेंदूमृत व्यक्तीचे हृदय बहुधा मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात जाते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेल्या उसतोड मजुराच्या भावाला हे ठाऊक असते. त्याला ‘महादान’ म्हणून भागत नाही. पण या आक्षेपांतून निघणारे उत्तर मृत्यूनंतरच्या दानाच्याच बाजूचे आहे. बाजार फोफावतो तो मृत दाते कमी असल्यामुळे. भारतात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही मृत दाता मिळत नाही, म्हणून ओझे जिवंत माणसावर, आणि घरात ते बाईवर पडते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या प्रतीक्षायादी सांभाळतात. जालना संभाजीनगरच्या समितीत येतो. यादीतला क्रम उघडा असावा, सरकारी रुग्णालयाचा वाटा ठरलेला असावा, अशा मागण्या दात्याच्या जिल्ह्याने लावून धरायला हव्यात. देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो.

या जिल्ह्याला या विषयाची अगदीच ओळख नाही, असेही नाही. बुबुळाचे रोपण हे सगळ्यांत जुने यशस्वी रोपण, 1905 चे. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीराचे पहारेकरी तिथवर सहजी पोचत नाहीत आणि नाकारण्याचा धोका कमी राहतो. सेन यांना हृदयारोपणात आलेल्या अडचणींपैकी एकही इथे आडवी येत नाही : मेंदूमृत्यूची तपासणी नको, व्हेंटिलेटर नको, हृदय थांबल्यावर सहा तासांपर्यंत डोळे घेता येतात, घरी मृत्यू झाला तरी. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय मराठवाड्यात सर्वांना माहीत आहे, आणि नेत्रदान ही गोष्ट इथल्या घरांत निदान ऐकलेली आहे. ऐकण्यापासून अर्ज भरण्यापर्यंतची वाट ज्या समाजाला एका अवयवाच्या बाबतीत ठाऊक झाली, त्याला बाकीच्यांची वाट अगदी अनोळखी राहत नाही.

जुलै 2024 मध्ये केईएमने छप्पन्न वर्षांनी पुन्हा हृदयारोपण केले. सेन यांच्या वेळी नसलेली प्रत्येक गोष्ट आता उपलब्ध आहे : औषध, कायदा, तपासणीची रीत, यादी, रस्ता. राहिले आहे ते अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने मेंदूमृत्यू ओळखून तो कागदावर आणणे आणि नातेवाइकांशी खरे बोलणे. जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. तिथल्या शिक्षकांनी आणि मुलांनी पहिले संशोधन म्हणून एवढेच करावे. जिल्ह्यात व्हेंटिलेटरवर गेलेल्या प्रत्येक डोक्याच्या जखमीची नोंद ठेवावी, किती जणांची तपासणी झाली, किती घरांना विचारले गेले, किती घरांनी नाही म्हटले आणि का, हे दरवर्षी छापावे. त्या अहवालाच्या शीर्षकातही ‘प्राथमिक’ हा शब्द असू द्या.